रॅम वाढवली आणि पीसी चालूच होईना? या चुका टाळा

रॅम टाकायला माणसं नेमका रविवार निवडतात, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारातली, बहुतेक दुकानं रविवारी बंद. जेवण आटोपून कॅबिनेट उघडायचं, रॅमची नवी पट्टी बसवायची, बटण दाबायचं आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ आलं की सोमवारपर्यंत दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत बसायचं. रॅम खराब निघतेही, नाही असं नाही. पण सीलबंद रॅम मुळातच खराब असण्यापेक्षा ती नीट न बसणं, किंवा ती बसवताना दुसरंच काहीतरी हलणं, हे कितीतरी जास्त वेळा घडतं.

म्हणून आधी पीसी अडतो कुठे ते बघा. पंखाच फिरत नाही? पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही? लोगो येऊन तिथेच थांबतो? की विंडोज सुरू होऊन निळी स्क्रीन येते? चारही वेळा आपण ‘पीसी चालू होत नाही’ एवढंच म्हणतो. फोनवर तेवढंच ऐकून समोरचा तरी काय सांगणार!

टक् आवाज आला म्हणजे बसली असं नाही

पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट बसलेली पट्टी. काही मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) रॅमच्या स्लॉटच्या एकाच टोकाला क्लिप असते. ते टोक टक् करून बसतं, आपण खूश होतो, आणि दुसरं टोक एखादा मिलिमीटर वरच राहतं. मोबाइलचा टॉर्च स्लॉटच्या पातळीवर आडवा धरून बघा. सोनेरी कडा एका टोकाला जास्त डोकावत असेल तर पट्टी तिरकी आहे.

पीसी बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवं ठेवा, पट्टीच्या कडेची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळली आहे ना ते पुन्हा बघा आणि दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. जोर बराच लागतो. बोर्ड किंचित वाकलेला दिसतो आणि पोटात गोळा येतो, पण खाच जुळलेली असेल तर घाबरू नका. जुळत नसेल तर मात्र अजिबात जोर लावू नका.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत वर्षानुवर्षं बसलेल्या जुन्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर काळपट थर येतो. नवी टाकताना जुनीही हलली की तो थर संपर्क तोडतो, आणि आळ नवीवर येतो. त्यावर खोडरबर घासणं हा आपल्याकडचा जुना उपाय, तो चालतोही. फक्त स्लॉटपासून लांब घासा, कारण रबराचा चुरा आत पडला तर नवीच भानगड. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड असेल तर उत्तम. पॉलिश पेपर नको.

त्याच वेळी शेजारी हात फिरवा. २४ पिनांची जाड पॉवर केबल रॅमच्या स्लॉटला अगदी लागून असते आणि दाबादाबीत ढिली होते. पंखाच फिरत नसेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डातच लावली आहे ना? परत जोडताना ती मदरबोर्डात खुपसणारे कमी नाहीत.

स्लॉट आणि जात

चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. बोर्डावर ए२, बी२ असं छापलेलं असतं. एकच पट्टी असेल तर ती ए२ मध्ये.

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची पिढी बसतच नाही. खरी पंचाईत बसते पण चालत नाही अशा रॅमची. बाजारात सर्व्हरमधून काढलेली डीडीआर३, डीडीआर४ रॅम स्वस्तात मिळते. ती साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये छान बसते आणि डिस्प्ले देत नाही. लेबल वाचा: डीडीआर४ वर ‘पीसी४-२४००टी’ अशा आकड्यानंतर ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची, ‘यू’ असेल तर डेस्कटॉपची. भाव फारच चांगला मिळाला तर हे अक्षर आधी बघा, पैसे नंतर द्या.

डीडीआर५ वाल्यांनी आणखी एक चूक टाळायची, ती म्हणजे घाई. नवी रॅम पहिल्यांदा लागली की बोर्ड ती तपासून जुळवून घेतो आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. कधी काही मिनिटं लागतात, मध्येच पीसी आपोआप रीस्टार्टही होतो. चहा टाका, पण बटण दाबू नका. दहा-पंधरा मिनिटांनंतरही काही नाही, तरच पुढचं.

पुढचं म्हणजे एकेक पट्टी. फक्त नवी ए२ मध्ये, मग फक्त जुनी. दोन्ही एकेकट्या चालतात पण जोडीने नाही, तर दोघींचं जमत नाही एवढाच अर्थ. जुन्या रॅमसाठी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, चालू ठेवलेलं असतं, आणि तो वेग नवीला किंवा जोडीला झेपत नाही. एक्सएमपी बंद करून बघा. डिस्प्लेच नसेल तर वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा.

सेल काढण्याआधी थांबा

इथे मात्र एकातून सुटून दुसऱ्यात अडकणारे बरेच. सेल काढला की बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळ जागी जातात. तारीख मागे गेल्याने वेबसाइट सुरक्षिततेच्या तक्रारी करायला लागतात, ते किरकोळ. पण साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत ठरवणारी सेटिंग, बदलला तर विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन येते, आणि पीसी बूट करण्याच्या दोन पद्धतींपैकी यूईएफआयच्या जागी लेगसी किंवा उलट झालं तर ‘बूट डिव्हाइस’ सापडत नाही असा संदेश येतो. डिस्कही शाबूत, रॅमही शाबूत, आणि एखादा मेकॅनिक म्हणतो, ‘विंडोज मारून देतो,’ म्हणजे नव्याने टाकून देतो. मारू देऊ नका. बायोसमध्ये तो एक पर्याय पूर्वीसारखा केला की विंडोज जसंच्या तसं उघडतं. म्हणून रॅम बदलायच्या आधीच बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

विंडोज ११ मध्ये डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पासवर्ड आठवतो का, हे कॅबिनेट उघडण्याआधी बघून घ्या.

विंडोज उघडतं पण मध्येच निळी स्क्रीन येते, तर पेनड्राइव्हवर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ टाकून रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक दिसली तरी कुठली पट्टी दोषी हे एकेक लावून शोधा, आणि तोवर महत्त्वाच्या फाइलींना हात लावू नका. आठ जीबी टाकूनही सव्वातीनच्या आसपासच वापरात दिसत असेल तर विंडोज ३२-बिट, म्हणजे साधारण चार जीबीपलीकडची रॅम न वापरणारं, असण्याची शक्यता जास्त. त्याला रॅम काय करणार.

एवढं करूनही सोमवारी दुकानात जायची वेळ आली तर बोर्डाचं मॉडेल लिहून न्या आणि जुनी पट्टीही बरोबर घ्या. दुकानदार नवी एकटी लावून दाखवेल आणि ती चालेल. त्याला दोन्ही एकत्र लावायला सांगा.