टेनामेंट बघायला जाताना मीटरपट्टी न्या

बडोद्यात कारेलीबाग, सुभानपुऱ्याकडे जुनं टेनामेंट (सोसायटीतलं, स्वतःच्या प्लॉटवरचं घर) बघायला गेलात, की दलाल वारात (म्हणजे चौरस यार्डात) बोलतो, मालक फुटात, आणि कागद चौरस मीटरमध्ये. भाव कशाचा चाललाय ते कळतच नाही.

१. आधी सिटी सर्व्हे नंबर (शहर भूमापनाचा नंबर) मागा. एनीआरओआर (AnyROR) या गुजरात सरकारच्या जमीन-नोंदींच्या वेबसाइटवर प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागेच्या मालकी-मापाची नोंद, बघा.
२. त्यावरचे चौरस मीटर गुणिले १०.७६४ म्हणजे चौरस फूट, गुणिले १.१९६ म्हणजे वार.
३. कुंपणाच्या आतून लांबी-रुंदी स्वतः मोजा. मागचा वाडा (परसदार) हमखास मोजा, तिथेच शेड वाढवलेली असते.

कार्डावर मालकाऐवजी सोसायटीचं नाव दिसलं तर घाबरू नका, पण शेअर सर्टिफिकेट (मालकाच्या सोसायटीतल्या हिश्श्याचा दाखला) मागाच. एनीआरओआरवरची प्रत फक्त माहितीपुरती. बाना (बयाणा) देण्याआधी सिटी सर्व्हे कचेरीतून सही-शिक्क्याची नक्कल काढा.