वायरलेस माऊस अटकतो? नवा घेण्याआधी या चुका टाळा

नागपुरात बर्डीच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा, "भाऊ, माऊस अटकून ऱ्हायला" ही तक्रार कानावर पडतेच. दुकानदार नवा माऊस काढून देतो, गिऱ्हाईक खुशीत घरी जातं आणि दोन दिवसांत तो नवाही अटकायला लागतो. अटकणारच. डोंगल (माऊसचा सिग्नल पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा) कुठे खोचलंय, सेल कसला टाकलाय, माऊस कशावर फिरतोय, यातलं काहीच बदललेलं नसतं.

म्हणून आधी लक्षण नीट बघा. कर्सर मध्येच थांबून उडी मारतो आणि पुन्हा सुरळीत चालतो? मग सिग्नल तुटतोय. कर्सर सलग चालतो, पण हाताच्या मागे मागे रेंगाळतो? मग गडबड बहुधा स्क्रीनमध्ये, गेमच्या सेटिंगमध्ये किंवा तापलेल्या लॅपटॉपमध्ये आहे. डेस्कटॉपवर सगळं झकास आणि फक्त गेममध्ये गोळी उशिरा लागते? तो इंटरनेटचा विषय, त्यात माऊसला ओढू नका. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या ऑनलाइन गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. फायबरमधून सिग्नल मिलिसेकंदाला साधारण 200 किलोमीटर जातो. केबल नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाएवढी, म्हणजे 701 किलोमीटर धरली, तरी जाऊन-येऊन 7 मिलिसेकंद झाले. गेममध्ये पिंग, म्हणजे हाच जाऊन-येऊन लागणारा वेळ, 80 दिसत असेल तर राउटर आणि इंटरनेटवाल्याकडे बघा.

माऊसला चार्जिंगची वायर लावून चालवता येत असेल तर ती लावून बघणं ही सगळ्यात सोपी परीक्षा. वायरवरही तसाच उशीर होत असेल तर वायरलेसचा दोष नाही.

डोंगल कॅबिनेटच्या मागे खोचणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कॅबिनेट टेबलाखाली, डोंगल त्याच्या मागच्या बाजूला, मध्ये लोखंडी पत्रा, आणि शेजारच्याच निळ्या, म्हणजे यूएसबी 3.0 च्या, पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क. माऊसचं डोंगल 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतं. यूएसबी 3.0 चं उपकरण डेटा पाठवताना जो रेडिओ गोंगाट करतं तो नेमका याच पट्ट्यात पसरतो. इंटेलने 2012 मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं, तरी आजही डोंगल आणि हार्ड डिस्क एकमेकांना चिकटूनच बसलेली दिसतात.

घरी करून बघा. हार्ड डिस्कवर एखादी मोठी फाईल कॉपी करायला लावा आणि कर्सर गोल गोल फिरवा. कॉपी चालू असताना तो अडखळला आणि डिस्क काढताच सुरळीत झाला, तर चोर सापडला. बऱ्याच गेमिंग माऊसच्या खोक्यात एक छोटी एक्स्टेन्शन केबल येते. लोक ती खोक्यातच ठेवतात आणि खोकं जातं माळ्यावर. ती काढा आणि डोंगल टेबलावर, माऊसपासून वीतभर अंतरावर आणून ठेवा. यूएसबी 2.0 चा काळा पोर्ट मोकळा असेल तर डोंगल त्यात लावा. लॅपटॉप असेल तर डोंगल एका बाजूला आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्या बाजूला.

वायफायही याच 2.4 च्या पट्ट्यात असतं. राउटरवर 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क असेल तर लॅपटॉप त्यावर टाका आणि राउटर टेबलावरून हलवा. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू झाला की माऊस बिथरतो, असं कोणी सांगितलं तर हसू नका, तोही तिथलाच भाडेकरू आहे.

ब्लूटूथवर गेम खेळणं

काही माऊसच्या पोटाखाली 2.4 आणि ब्लूटूथ असा खटका असतो. ब्लूटूथ लो एनर्जीवर माऊस आणि कॉम्प्युटर यांची गाठ साधारणपणे लवकरात लवकर दर 7.5 मिलिसेकंदांनी पडते. डोंगलवर 1000 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 1000 वेळा, ती दर 1 मिलिसेकंदाने पडते. एक्सेलच्या शीटला ब्लूटूथ पुरे, नेमबाजीला नाही.

8000 हर्ट्झचा मोह

1000 वरून 8000 वर गेलात की अंतर 1 मिलिसेकंदावरून 0.125 वर येतं, म्हणजे वाचला पाऊण मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ. समोर 60 हर्ट्झचा मॉनिटर असेल तर त्याची एक फ्रेमच 16.7 मिलिसेकंदांची. बदल्यात बॅटरी भराभर उतरते, आणि जुन्या प्रोसेसरवर उलट गेमच अडखळतो. माझ्या मते पैसे घालायचेच असतील तर आधी 144 हर्ट्झच्या मॉनिटरमध्ये घाला. माऊस 1000 वरच राहू द्या.

वेबसाइटवर हा हर्ट्झचा आकडा, म्हणजे पोलिंग रेट, तपासून घाबरणारेही बरेच. ब्राउझर माऊसच्या हालचाली एकत्र करून पानाला फ्रेमच्या हिशेबाने देतो, त्यामुळे तिथला आकडा कमी दिसू शकतो. मे 2024 अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवलं होतं, आणि मग हवामान खात्यानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. एका आकड्यावर जीव टाकू नये.

उन्हाळा विसरणं

मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत लॅपटॉप गादीवर ठेवून खेळलात तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. फ्रेम पडतात आणि शिव्या खातो माऊस. लॅपटॉप टेबलावर घ्या, खालची जाळी मोकळी ठेवा. कूलरचा झोत थेट त्यावर नको, ती हवा ओली असते.

माऊसमधली लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असं मानतात, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा तिथे सहज पोचतो. गाडीच्या डिकीत तापलेला माऊस घरी आणला की लगेच चार्जिंगला लावू नका, निवू द्या.

सेलवर चालणारा माऊस असेल तर त्यात किराणा दुकानातला रिमोटचा स्वस्त सेल नको, अल्कलाइन टाका. स्वस्त सेल अंगावर भार आला की दबतो, मग सिग्नल तुटल्यासारखंच वाटतं. रिचार्जेबल सेल चालतात. ते 1.2 व्होल्टचे असल्याने बॅटरीचा आकडा कमी दिसतो, एवढंच.

किरकोळ, पण बघून घ्या

काचेवर किंवा गुळगुळीत सनमायकावर बऱ्याच सेन्सरना पकड मिळत नाही, कापडी पॅड घ्या. सेन्सरच्या खाचेत एखादा केस अडकला तरी कर्सर थरथरतो. गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावर दाखवणारी सेटिंग) बंद करून बघा. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड लावा, त्याशिवाय टीव्हीचा उशीर माऊसच्या कितीतरी पट असतो. विंडोजमधलं एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन बंद ठेवा. त्याने उशीर होत नाही, पण हाताचा अंदाज चुकतो.

एकदा दाबल्यावर क्लिक दोनदा उमटत असेल तर ते लॅग नव्हे, आतला स्विच गेलाय. सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स टाइम (एका क्लिकनंतर लगेचचं दुसरं क्लिक न मोजण्याचा वेळ) वाढवून काही दिवस ढकलता येतात, पण काही माऊसमध्ये क्लिकही तेवढंच उशिरा लागतं. त्यापेक्षा बिल शोधा. वॉरंटी शिल्लक असताना माऊस उघडायला जाऊ नका. स्क्रू बहुतेक वेळा खालच्या घसरपट्ट्यांखाली लपलेले असतात, आणि पट्टी उचकटलेली दिसली की दुकानदार हात वर करतो.