क्रँक पॉवर मीटर बसवताना फ्रेमशी असलेले अंतर

डाव्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) बसणाऱ्या पॉवर मीटरचा, म्हणजे पेडल मारण्याची ताकद मोजणाऱ्या उपकरणाचा, सेन्सर क्रँकच्या आतील बाजूस असल्याने, जाड चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) किंवा बॉटम ब्रॅकेटखाली (क्रँकचा आस फिरतो त्या भागाखाली) मागचा ब्रेक असलेल्या रोड बाइकवर तो अडकू शकतो. म्हणून खरेदीपूर्वीच उत्पादकाने दिलेल्या सेन्सरच्या जाडीएवढा पुठ्ठ्याचा तुकडा जुन्या क्रँकवर नेमक्या त्याच जागी चिकटवावा आणि क्रँक उलट दिशेने पूर्ण फिरवून पाहावा. पुठ्ठा फ्रेमपासून निसटता सुटत असेल, तर मी तरी ते पुरेसे मानणार नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या चढावर उभे राहून पेडल मारताना फ्रेम व क्रँक दोन्ही किंचित वाकतात. ब्रेकची केबल वा तिचा बोल्ट आड येत असल्यास केबलचे टोक कापून वळवता येते, परंतु जागा करण्यासाठी फ्रेम कधीही कानसीने घासू नये.

शिमानो हॉलोटेक II क्रँक असल्यास आसाच्या टोकाची टोपी हातानेच हलकी आवळावी, क्रँकच्या फटीतील सुरक्षा पट्टीची पिन आसाच्या छिद्रात बसवावी आणि क्रँक आसावर घट्ट धरणारे दोन्ही बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. वातानुकूलित खोलीतून सायकल बाहेर काढल्यावर सेन्सर बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मगच, क्रँक सरळ खाली ठेवून, झीरो ऑफसेट करावा, म्हणजे भार नसताना सेन्सरचे शून्य ठरवावे.