सोलापुरात नव्याने आलेल्या कॅथलिक कुटुंबांसाठी

वसईत एखाद्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकली तर संध्याकाळपर्यंत शेजारीण विचारतेच, ‘बरं नव्हतं का गं?’ गोव्यात, मंगळुरात तेच. सोलापुरात कोणी विचारणार नाही. रेल्वे, बँक, फताटेवाडीचा वीज प्रकल्प, दवाखाने, कॉलेजं अशा नोकऱ्यांनी माणसं इथे येतात आणि जुळे सोलापुरात नाहीतर होटगी रोडला घर घेतात. शेजार लिंगायत, पद्मशाली, मराठा, मुसलमान असा मिसळलेला असतो, माणसं मायाळू असतात, आणि तुमच्या धर्माला सहसा कोणाची हरकत नसते. विश्वास निसटतो तो नेमका इथे. पहिला रविवार सामान लावण्यात जातो, दुसऱ्या रविवारी नळाला पाणी यायचं असतं, तिसऱ्या रविवारी हुरड्याचं बोलावणं येतं, आणि सहा महिन्यांनी रोझरीची जपमाळ अजून खोक्यातच असते. म्हणून विरोधकांना काय उत्तर द्यायचं त्याआधी पहिल्या महिन्यात काय करायचं ते सांगतो.

रिक्षावाल्याला नुसतं ‘चर्च’ म्हणू नका. एकोणिसाव्या शतकात इथे अमेरिकन मराठी मिशनने काम केलं, त्यामुळे सोलापुरातली बरीच जुनी मराठी ख्रिस्ती घरं प्रॉटेस्टंट आहेत. शिवाय पास्टरांच्या लहान-मोठ्या प्रार्थनासभाही आहेत. ‘रोमन कॅथलिक चर्च, फादरांचं’ असं सांगा. आत गेल्यावर खूण सोपी आहे: वेदीमागे किंवा बाजूला छोटी बंद पेटी, तिच्याजवळ पेटता दिवा. आणि मिस्सेत वेदीवरच्या मोठ्या प्रार्थनेत पोप लिओ यांचं आणि पुण्याच्या बिशपांचं नाव येतं, कारण सोलापूर १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात मोडतं. प्रॉटेस्टंट भावंडांशी मैत्री जरूर ठेवा. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा असतो, तेव्हा एकत्र प्रार्थना करा. पण त्यांच्या उपासनेला गेल्याने रविवारी मिस्सेला जाण्याचं कर्तव्य पूर्ण होत नाही, आणि तिथे कम्युनियन (वेदीवरून दिली जाणारी भाकर) घ्यायचं नसतं. मिस्सेच्या वेळा मोबाइलच्या नकाशावरून घेऊ नका. उन्हाळ्यात आणि उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) त्या बदलतात. चर्चच्या ऑफिसातून विचारून घ्या.

पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर फादरांना भेटा आणि कुटुंबाची नोंद करा. कुठेही किमान तीन महिने राहायच्या इराद्याने आलात की ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, कायद्याप्रमाणे तुम्ही तिथल्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) होता. ‘आम्ही तर बदलीवर, दोन वर्षांत जाणार’ म्हणून नोंद टाळणारे खूप असतात, आणि अडचण आली की तेच धावपळ करतात. सोबत आधीच्या फादरांचं पत्र, सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) आणि लग्नाचा दाखला ठेवा. बाप्तिस्म्याचा दाखला फक्त जिथे बाप्तिस्मा झाला तिथूनच मिळतो, कारण दृढीकरण आणि लग्नाची नोंदही त्याच वहीत त्याच ओळीपुढे केली जाते. नेहमी घोळ होतो तो स्पेलिंगचा: दाखल्यावर डिसूझा, आधारवर डिसोझा. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. दुरुस्ती मूळ धर्मग्रामातच होते, म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हा ती आटोपून घ्या, गरज पडेपर्यंत थांबू नका. केरळहून आलेल्या सिरो-मलबार कुटुंबांनी आपली रीत पहिल्या भेटीतच सांगावी. रविवारचं कर्तव्य त्यांचं इथल्या लॅटिन (रोमन) रीतीच्या मिस्सेनेही पूर्ण होतं, पण लग्न-बाप्तिस्म्याचे कागद त्यांच्या रीतीने चालतात.

रविवारचं गणित आठवडा सुरू होतानाच मांडा. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. शिफ्ट, पाण्याचा वार किंवा डिसेंबर-जानेवारीतली हुरडा पार्टी आड येत असेल तर शनिवारी जा, नाहीतर संध्याकाळची मिस्सा शोधा. हुरड्याला जाण्यात काहीच गैर नाही, माणसं तिथेच जोडली जातात. पण गाडी सकाळी सातला निघते हे आदल्या दिवशी कळून चालत नाही. आजारपण, तान्हं मूल, सोडताच न येणारी ड्युटी ही खरी कारणं आहेत आणि त्यात पाप नाही. कंटाळा हे कारण नाही. सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत, मकरसंक्रांतीच्या आसपास, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी शहरातले रस्ते बंद होतात. त्या दिवसांत अर्धा तास आधी निघा.

आता उपवासाचं, कारण त्यावर ऑफिसात सर्वांत जास्त गोंधळ होतो. ‘तुमच्या उपवासाला साबुदाणा चालतो का?’ हा प्रश्न येणारच. शेजाऱ्यांच्या उपवासात काय खायचं हे ठरलेलं असतं, आपल्या उपवासात किती खायचं हे. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन छोटी, आणि ती दोन मिळूनही एका जेवणाएवढी होता कामा नयेत. सोलापुरी ताटात सांगायचं तर सकाळी अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी, दुपारी दोन भाकऱ्या, आमटी, भाजी, रात्री पुन्हा अर्धी. पूर्ण जेवणाशिवाय वर साबुदाण्याची खिचडी ताटभर खाल्ली तर आपला उपवास मोडला. हा नियम १८ पूर्ण झाल्यापासून ६० वं वर्ष लागेपर्यंत. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ पूर्ण झाल्यापासून, पण अंडी आणि मासे त्यात येत नाहीत. पाण्याने उपवास मोडत नाही. मार्च-एप्रिलच्या सोलापुरी उन्हात, गुड फ्रायडेच्या दुपारच्या तीनच्या भक्तीला बाटली बरोबर ठेवा, लहानांना आणि म्हाताऱ्यांना पाजा. मधुमेही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी उपवासाचा हट्ट धरू नये. उपवासकाळातल्या शुक्रवारी ऑफिसची मटण-भाकरीची पार्टी ठरली तर न बोलता पिठलं मागवा. कोणी विचारलंच तर ‘येशू शुक्रवारी मरण पावला म्हणून’ एवढं एक वाक्य पुरतं.

सर्वांत नाजूक प्रसंग नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला येतो. शेजारी प्रेमाने येतात, आपणच बोलावलेलं असतं. कम्युनियनला रांग उठते आणि तेही उठतात. देवळातला हात पुढे करण्याचा संस्कार त्यांच्या अंगात मुरलेला असतो: उजवा तळवा वर, डावा खाली, मान झुकलेली, त्यात अनादराचा लवलेश नसतो. मग ती पांढरी चकती हातात घेऊन माणूस जागेवर येतो, रुमालात गुंडाळतो, घरी अंथरुणावरच्या आईसाठी. त्याच्या दृष्टीने तो प्रसाद आहे. आपल्या श्रद्धेप्रमाणे ते साक्षात ख्रिस्तशरीर आहे आणि ते बाप्तिस्मा झालेल्या, पापनिवेदन करून तयार असलेल्या, तासभर आधीपासून काही न खाल्लेल्या कॅथलिकानेच घ्यायचं असतं. दोष त्या पाहुण्याचा नाही, आपण सांगितलं नाही हा आहे. म्हणून घरून निघतानाच सांगा: ‘एका वेळी सगळे रांगेत जातील, तेव्हा आपण बसून राहायचं. ते वाटायच्या प्रसादासारखं दिसतं, पण आमच्यासाठी ते स्वतः येशू आहे. नंतर केक आणि नेवऱ्या सगळ्यांना आहेत.’ एवढं ऐकून कोणी रागावत नाही, उलट मान देतं. पाहुण्यांना भिंतीकडच्या जागा द्या आणि तुम्ही कडेला बसा, म्हणजे रांगेत त्यांना वाट करून द्यायचा प्रश्न येत नाही. काही चर्चमध्ये छातीवर हात दुमडून आलेल्याला फादर आशीर्वाद देतात. तुमच्याकडे तशी पद्धत आहे का ते आधी विचारा. चुकून कोणी ख्रिस्तशरीर घेऊन आलंच तर हिसकावू नका, ओरडू नका. त्यांच्यासोबत चालत जाऊन ते फादरांकडे परत द्या.

उलट बाजूने, शेजारच्या सत्यनारायणाला बोलावणं आलं तर जा, बसा, जेवा, घरच्या म्हाताऱ्यांना नमस्कार करा. आरतीचं ताट ओवाळणं, अभिषेक करणं, संकल्पाला बसणं ही उपासना झाली, तिथे हात जोडून ‘हे माझ्याकडून होणार नाही’ म्हणा. प्रसादाबाबत घराघरांत फरक दिसतो. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय वाचा आणि आपल्या फादरांशी बोला. आमच्या मते कसोटी दोन प्रश्नांची आहे: घेताना मी पूजा करते आहे का, आणि माझ्या लेकराच्या मनात यामुळे घोळ होईल का. गणपतीच्या वर्गणीला नकार देण्यापेक्षा मंडळाच्या रक्तदान शिबिराला किंवा वह्यावाटपाला पैसे द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या.

प्रश्न तीनच येतात, फिरून फिरून. पहिला, ‘सगळे देव एकच ना?’ हे प्रेमाने म्हटलेलं असतं, प्रेमानेच उत्तर द्या: ‘तुमच्या धर्मात जे खरं आणि पवित्र आहे ते आमची ख्रिस्तसभा नाकारत नाही, तसं १९६५ च्या वॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात लिहिलेलं आहे. पण येशू अनेक गुरूंपैकी एक आहे असं मी मानत नाही, तो देवाचा पुत्र आहे असं मानतो.’ दुसरा, ‘हा इंग्रजांचा धर्म.’ वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मेले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची स्थापनाही झाली नव्हती. फादर स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण १६१६ चं. आणि सोलापूरकराला जवळचं उदाहरण म्हणजे २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते.

तिसरा प्रश्न बोचणारा असतो: ‘किती पैसे मिळाले?’ किंवा ‘तुम्ही धर्मांतर करता.’ इथे आवाज चढवला की हरलात. सांगा की कोणावर जबरदस्ती करायला ख्रिस्तसभेच्या कायद्यातच मनाई आहे, आमिष दाखवायलाही त्याच वॅटिकन परिषदेने बंदी केली आहे, आणि प्रौढ माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर आधी बराच काळ शिकवण घ्यावी लागते. आजारी शेजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण त्याने मागितल्याशिवाय त्याच्या डोक्यावर हात ठेवू नका आणि ‘बरं वाटेल, चर्चला या’ असं कधी म्हणू नका. ते आमिषच होतं. प्रॉटेस्टंट मित्र मूर्ती आणि मरियेबद्दल विचारतात. आराधना एका देवाची, मरियेला आणि संतांना मान, हा भेद ७८७ च्या निकेया परिषदेने ठरवलेला आहे. तुमच्या बायबलमध्ये पुस्तकं ७३ आहेत की ६६ ते मोजा. बाजारात सहज मिळणारी मराठी प्रत बहुधा ६६ ची असते, आणि मृतांसाठी प्रार्थनेचा आधार असलेलं मक्काबींचं दुसरं पुस्तक तिच्यात सापडत नाही.

घरी रोझरी म्हणा, मे आणि ऑक्टोबरात तर म्हणाच. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि घरात तर कधीच लावू नका. राज्यघटनेचं कलम २५ धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं. प्रार्थनेत कोणी येऊन अडथळा आणला तर दारात वाद घालू नका, ११२ ला फोन करा, फादरांना कळवा आणि लेखी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०० अशा अडथळ्यासाठीच आहे. शाळेत मुलाला पूजेत भाग घ्यायला लावत असतील तर कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय तशी सक्ती करता येत नाही. मुख्याध्यापकांना चार ओळींचं शांत पत्र द्या, मुलाला शांत उभं राहायला शिकवा.

मुलामुलीने दुसऱ्या धर्मातला जोडीदार निवडला तर हॉल बुक करण्याआधी फादरांकडे या. बिशपांची सूट लागते आणि ती पुण्याहून येते. कॅथलिक बाजूने आपला विश्वास जपण्याचं आणि मुलांना कॅथलिक वाढवण्यासाठी शक्य ते सारं करण्याचं वचन द्यायचं असतं, आणि दुसऱ्या बाजूला त्याची कल्पना द्यायची असते. बाप्तिस्म्याचा नवा काढलेला दाखला लागतो. सकाळी सप्तपदी आणि संध्याकाळी चर्च हे चालत नाही, संमती एकदाच दिली जाते. सूट न घेता नुसतं रजिस्टर लग्न केलं तर सरकारदरबारी ते पक्कं, ख्रिस्तसभेत नाही. आधीच तसं झालं असेल तर लपवू नका, ते मार्गी लावता येतं.

शेवटची गोष्ट या आठवड्यातच करून टाका. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘मी कॅथलिक आहे. गंभीर आजारात कॅथलिक फादरना बोलवा’, खाली चर्चचा फोन. तोच नंबर घरमालकाला आणि शेजारणीला द्या. रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावणं) हा मरणाच्या घटकेचा नाही, मोठ्या आजाराचा संस्कार आहे. ऑपरेशन ठरलं तर आदल्या दिवशी फादरांना सांगा. अतिदक्षता विभागात कपाळाला आणि हातांना तेल लावून प्रार्थना एवढंच असतं, पाच-दहा मिनिटांत होतं. तिथल्या नर्सना ते आधी सांगितलं की त्या सहसा आत सोडतात. आणि दफनभूमी कुठे आहे, परवानगी कोणाकडून, खड्डा खणायला किती वेळ लागतो, हे सगळं धडधाकट असतानाच विचारून ठेवा. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात नातेवाईक वसईहून पोहोचेपर्यंत वाट पाहायची तर शवागाराची सोयही लागते.