घरात आतड्याचा कॅन्सर असेल तर: कोलोनोस्कोपीची तयारी

घराण्यात लिंच सिंड्रोम (आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) असेल तर कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्यासाठी, पन्नाशीची वाट बघू नका. एमएलएच१ किंवा एमएसएच२ जनुकात दोष असल्यास २० ते २५ व्या वर्षी सुरुवात, मग दर एक-दोन वर्षांनी. एफएपी (आतड्यात शेकडो गाठी, म्हणजे पॉलिप, होण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर १०-१२ व्या वर्षीच. जनुकाची तपासणी शक्यतो कॅन्सर झालेल्या व्यक्तीपासून सुरू करा. तिच्यात दोष सापडला तर सख्खी भावंडं आणि मुलं यांच्यापैकी प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी. डॉक्टरांना तीन पिढ्यांची माहिती द्या; आत्याला गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, लिंचमध्ये त्याचाही धोका असतो.

लिंचमध्ये पॉलिपचा कॅन्सर दोन-तीन वर्षांतही होऊ शकतो. बऱ्याचदा गाठ उजव्या बाजूला, चपटी असते. थोडा मळ राहिला तरी ती झाकली जाते.

म्हणून तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाज्या, पेरू, तीळ, शेंगदाणे बंद. मऊ भात, इडली, दही चालेल. लोहाच्या गोळ्या ५-७ दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका. आदल्या दिवशी फक्त शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, आत लाल रंग रक्तासारखा दिसतो.

पेगची (पोट साफ करणाऱ्या औषधाची) पावडर साधारण दोन लिटर पाण्यात कालवतात. एक लिटर संध्याकाळी, दुसरा तपासणीच्या ४ ते ६ तास आधी. दर १०-१५ मिनिटांनी एक ग्लास, थंड करून. मळमळलं तर अर्धा तास थांबा, पण सोडू नका. झोप मोडायला नको म्हणून सगळं रात्रीच पिऊन टाकणं, ही नेहमीची चूक. रात्रभरात वरून पित्त आणि पाचक रस उतरतात आणि नेमकी उजवी बाजू माखते. शेवटी पातळ, पिवळसर आणि आरपार दिसणारं पाणी पडलं पाहिजे. गढूळ असेल तर निघण्याआधी फोन करून सांगा.

ठाण्यातल्या घोडबंदरहून नवी मुंबईत खारघरला तपासणीसाठी जायचं असेल तर ११ ची वेळ मागा: पहाटे ५ ला दुसरा लिटर सुरू, साडेसहापर्यंत संपवायचा, साडेआठपर्यंत पोट बरंच शांत होतं. लोकलमध्ये संडास नसतो, गाडी करणंच बरं. भूल असते, त्यामुळे सोबत कुणीतरी हवंच आणि त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही.

रिपोर्टवर दोन गोष्टी बघा: दुर्बीण सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोचली का, आणि बोस्टन स्कोअर (आतडं किती स्वच्छ होतं याचे गुण) किती. मोठ्या आतड्याच्या तिन्ही भागांना प्रत्येकी किमान २ हवेत. कमी असतील तर पुढच्या वर्षाची तारीख घेऊ नका, तपासणी लवकर परत करून मागा.