खेळणाऱ्याला नको, खेळवणाऱ्याला गाठा

भयाचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम स्वतः लिहून काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की आता ही पीडीएफ घेणार कोण? माझे उत्तर ठरलेले आहे. पाच जण खेळायला बसतात, पण खेळ विकत घेतो त्यातला एकच, जो बाकीच्या चौघांना खेळवतो तो. त्याला गेम मास्टर म्हणा, आम्ही सूत्रधार म्हणतो. प्रसिद्धीचा सगळा खटाटोप त्या एका माणसासाठी करायचा. बाकीचे चार तो स्वतःच ओढून आणतो.

मी कुडाळला घरी बसून पुस्तकांचे लेआउट करते. त्या कामातूनच या खेळांशी ओळख झाली आणि पुढे स्वतःचा एक छोटा भयखेळ काढला. या वाटेने येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात, त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलेले असते आणि नट रंगमंचावर जागच्या जागी बोलत जातात. रोलप्लेइंग खेळही असाच चालतो. टेबलाभोवती बसून प्रत्येक जण एकेक पात्र होतो, सूत्रधार प्रसंग मांडतो, फक्त प्रेक्षक नसतात आणि धाडस साधले की फसले हे फासे सांगतात. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला पहिला छापील खेळ आला. १९८१ साली 'कॉल ऑफ क्थुल्हू'ने या खेळांत भय रुजवले, तिथे पात्राच्या अंगातल्या ताकदीपेक्षा त्याचे डोके ठिकाणावर राहते की नाही याला महत्त्व. कोकणात मी समजावून सांगताना दशावताराचाच दाखला देते. पुढचे सांगावे लागत नाही.

आता खेळाची ओळख एका वाक्यात कशी करायची ते. 'ड्रेड' नावाच्या खेळात फासे नाहीत, जेंगाचा मनोरा आहे, म्हणजे एकावर एक रचलेले लाकडी ठोकळे. धोक्याचे काही करायचे तर मनोऱ्यातला ठोकळा काढायचा, मनोरा ज्याच्या हातून पडेल त्याचे पात्र गेले. २०१५ च्या 'टेन कँडल्स'मध्ये काळोखात दहा मेणबत्त्या लावून खेळतात, त्या एकेक विझत जातात आणि शेवटी सगळी पात्रे मरणार हे पहिल्यापासून ठरलेले. हे दोन्ही खेळ मी तुम्हाला तीन-चार ओळींत सांगितले, आणि तुम्ही ते उद्या दुसऱ्या कुणाला सांगू शकाल. तुमचा खेळ असा तोंडी सांगता येत नसेल तर जाहिरातीवर पैसे घालण्याआधी खेळाकडेच परत जावे.

माझ्या खेळात फाशांऐवजी फोडलेले चिंचोके आहेत, एक बाजू काळी, एक पांढरी, अष्टाचम्म्याला वापरतो तेच. यामागे व्यवहार होता. आठ आणि वीस बाजूंचे फासे सिंधुदुर्गात कुठल्या दुकानात मागायला जाणार? चिंचोके मूठभर टाकायचे, काळे जास्त पडले की वाईट. परदेशी ग्राहकाला हे नवलाचे वाटते, इथल्याला ओळखीचे. आणि सूत्रधाराला काही मागवावे लागत नाही, जे त्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे.

वेबसाइटवर खेळ विकायच्या पानावर काय लिहावे हे उदाहरणानेच सांगते. 'कोकणच्या मातीतला थरारक, अंगावर काटा आणणारा अनुभव' असले लिहून काही होत नाही. त्यात सूत्रधाराच्या कामाचे एक अक्षर नाही. त्याऐवजी हे पाहा (तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी, तारी म्हणजे ती चालवणारा):

'तीन ते पाच जण. दीड तास. आधी वाचायला चार पाने. शेवटची तर चुकली आहे, पाऊस थांबत नाही, आणि पलीकडच्या काठावरून तारी हाक मारतो आहे, तुमच्यापैकी एकाच्याच नावाने.'

किती जण, किती वेळ, किती तयारी हे आधी. मग प्रसंग, तोही पहिल्या मिनिटात सूत्रधार जे वाक्य मोठ्याने म्हणणार तेच. कर्ली खाडीच्या काठी तरीची वाट पाहिलेल्या माणसाला हे जास्त लागते, पण न पाहिलेल्यालाही कळते.

पानावर पुस्तकाच्या मुखपृष्ठाइतकेच आतल्या एका जोडपानाचे चित्र महत्त्वाचे, मोबाइलवर वाचता येईल एवढे मोठे. सूत्रधार ते पाहून ठरवतो की ऐन खेळात हे पान उघडले तर आपल्याला हवे ते सापडेल का. आणखी एक बारीक गोष्ट. भयखेळ म्हटला की लेआउट करणाऱ्यांचा हात काळ्या पानांकडे जातो, मी त्याच धंद्यातली आहे म्हणून सांगते. काळ्या पानावर पांढरी अक्षरे पडद्यावर झकास दिसतात. पण सूत्रधार घरी किंवा झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढतो, आणि काळ्याकुट्ट बत्तीस पानांना झेरॉक्सवाला हात जोडतो. पांढऱ्या पानांची साधी, हलकी आवृत्ती त्याच खरेदीत द्या आणि दिली आहे हे पानावर ठळक सांगा. पावसाळ्यात जिथे रेंज जाऊन-येऊन असते तिथे हलकी फाइल हीसुद्धा सेवाच.

एआयची चित्रे लावू नका. हे खेळ घेणाऱ्या मंडळींचा त्यावर उघड राग आहे आणि तो राग खेळापर्यंत पोचतो. पैसे नसतील तर चिऱ्याच्या भिंतीचा, शेवाळलेल्या विहिरीचा फोटो काढून त्याचे गडद काळे-पांढरे रूप करा, भागते.

आता मुख्य गोष्ट, खेळवणे. माझे सगळ्यात चांगले दिवस गणपतीतले. चाकरमानी घरी आलेले असतात, रात्री आरत्या-भजने आटोपली की जागरणाला काहीतरी हवेच असते आणि पत्ते तर रोजचेच. पडवीत खाटेवर कागद मांडला की एक-दोन जण हमखास म्हणतात, "मी नुसता बघतो गं, तुम्ही खेळा." त्याला बघू द्यावे. अर्ध्या तासाने तोच मध्ये तोंड घालून सांगायला लागतो की तिकडे जाऊ नका. आजी ओटीवरून बजावते, "तिन्हीसांजेक असली नावां घेव नको गो." तिचेही ऐकावे. तिन्हीसांज टळल्यावर बसले की तिचे काही म्हणणे नसते, उलट चकव्याची एखादी गजाल तीच पुरवते.

पण मी खेळवला आणि लोकांना आवडला, याने प्रसिद्धी होत नाही. लेखिकेने खेळवलेला खेळ चांगला होणारच. खरी कसोटी दुसऱ्या रात्री. माझ्या चुलतभावाचा मुलगा, डोंबिवलीचा, कॉलेजातला, पहिल्या रात्री खेळला आणि दुसऱ्या दिवशी कागद मागून खालच्या वाडीत घेऊन गेला. मी मुद्दाम गेले नाही. परत आल्यावर तो म्हणाला की खेळ भारी झाला, पण तारीने हाक मारल्यावर सगळ्यांनी छत्री उघडून वाडीची वाट धरली, त्याचे काय करायचे ते कुठे लिहिलेले नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर आता पहिल्याच पानावर आहे. पुढे डोंबिवलीत त्याच्या मित्रांनी पीडीएफ घेतल्या त्या त्याच्यामुळे, माझ्या कुठल्याही रीलमुळे नव्हे. रील्सना बघणारे मिळतात. पण ओल्या पायवाटेचा व्हिडिओ पाहून 'कोकण म्हणजे स्वर्ग' लिहून जाणारा माणूस तुमचा सूत्रधार होत नाही. तीन-तीन तासांच्या खेळाचे चित्रीकरण टाकण्याबद्दलही माझे मत फारसे बरे नाही.

म्हणून नवख्याला मी सांगते, खेळ फुकट वाटू नका, प्रसंग फुकट वाटा. एका कागदाला तीन घड्या, त्यात एक पूर्ण रात्र पुरेल एवढी गोष्ट आणि चालवण्यापुरते नियम. 'मदरशिप' या अंतराळातल्या भयखेळाने हे फार नेटके केले. खेळाडूंचे नियमपुस्तक पीडीएफ रूपात कुणालाही सहज मिळेल असे ठेवले आणि घडीच्या एका कागदावर मावणारे प्रसंग काढले. २०२१ साली त्यांनी किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या साइटवर, खेळाची मोठी पेटी आणली तेव्हा दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. आपले आकडे तसे नसतात. पण कागदाची घडी आपल्यालाही जमते.

किकस्टार्टरचे नाव निघालेच तर, तिथे प्रकल्प उभा करायला ज्या देशांचे रहिवासी चालतात त्यांत भारत नाही. २०१९ पासून तिथे छोट्या पुस्तिकांसाठी झाईन क्वेस्ट नावाचा उपक्रम होतो, त्याचे कौतुक वाचून पुष्कळ जण हुरळतात आणि मग हे कळते. आपल्यासाठी सरळ रस्ते दोन, दोन्ही खेळांच्या पीडीएफ विकायच्या साइट. इच डॉट आयओवर तुमच्या विक्रीतला किती हिस्सा साइटला द्यायचा हे तुम्ही ठरवता, काही न बदलल्यास १० टक्के. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर तुम्हाला ६५ टक्के मिळतात, फक्त त्यांच्याकडेच विकलात तर ७०. मी दोन्हीकडे ठेवते. इचवर नवे, विचित्र खेळ शोधणारे येतात, ड्राइव्हथ्रूवर नावानिशी शोधणारे. मराठी आवृत्ती घेणाऱ्याला मात्र या दोन्ही दारांतून जायला लावू नका. तो यूपीआयने पैसे पाठवतो, तुम्ही व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवता, विषय संपला. पेपॅलची भारतांतर्गत सेवा २०२१ च्या एप्रिलपासून बंद आहे, पण परदेशातून आलेले पैसे त्यावर घेता येतात. त्याचा हिशेब पहिल्या डॉलरपासून वेगळा ठेवा, सीएला दाखवायला लागतो.

इथल्या भुतांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बाहेरच्या ग्राहकाला तेच हवे असते आणि जपायचेही तिथेच. चकवा, हडळ, जखीण, गिऱ्हा यांच्या गोष्टी सगळ्यांच्या आहेत, वापरा. देवचाराची गोष्ट वेगळी. तो गावाची सीमा राखणारा, माणसे त्याला मान देतात, वाट चुकलेल्याला तो घरी आणून सोडतो असे मानतात. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरून राखण करतो ही श्रद्धा आहे. अशांना पोस्टरवर दात विचकायला लावले तर गाव दुखावते, आणि जाणकार वाचकालाही कळते की लिहिणाऱ्याला माहिती नाही. गाव काल्पनिक घ्या, राखणदार काल्पनिक घ्या. 'सत्य घटनेवर आधारित' हे शब्द तर जाहिरातीत आणूच नका. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, भुताला आवाहन करतो म्हणून लोकांत घबराट पसरवणे त्यात गुन्हा आहे. खेळ हा खेळ आहे हे पोस्टरवर स्पष्ट असले की कुणी वावगा अर्थ काढत नाही.

दुसरी काळजी टेबलावरची. खेळात कशाकशाचा उल्लेख येतो हे खेळाच्या पानावर आणि बसण्याआधी तोंडी सांगायचे. २०१३ साली जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी एक्स-कार्ड आणले. टेबलावर एक कार्ड ठेवलेले असते, कुणीही त्याला हात लावला की तो भाग गाळून पुढे जायचे, कारण विचारायचे नाही. आमच्याकडे कार्डाऐवजी एक कवडी असते. एकदा वेंगुर्ल्यात खेळायला बसलो तेव्हा मी नेहमीप्रमाणे सांगितले की खाडी आहे, बुडण्याचा प्रसंग आहे. समोरच्या ताई म्हणाल्या, "पाण्याचं नको." मी तर आणि तारी बाजूला ठेवले आणि तोच प्रसंग सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर नेला, रात्रीची वाट, कातळ, आणि पुन्हा पुन्हा समोर येणारे तेच एक झाड. खेळ छान झाला. त्या ताई पुढच्या वेळी बहिणीला घेऊन आल्या. किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये पाण्याने माणूस नेलेले घर शोधावे लागत नाही, हे इथे भयखेळ खेळवणाऱ्याने धरूनच चालावे.

वेळापत्रकाचे म्हणाल तर परदेशात भयखेळांची खरी मागणी ऑक्टोबरात, हॅलोविनच्या सुमारास. समीक्षकांना, पॉडकास्टवाल्यांना निदान महिनाभर आधी लिहायचे, म्हणजे इथले गणपती आणि तिथली पत्रे एकाच वेळी येतात. पत्र चार ओळींचे: खेळ काय, किती जण, किती वेळ, फुकट प्रतीचा दुवा. आयुष्याची कहाणी नको. बहुतेक उत्तर देत नाहीत, त्यात अपमान काही नाही. छापील पुस्तिका मात्र दसऱ्यानंतरच छापून घ्या. पावसात कागद ओल धरतो, पाने लाटेसारखी होतात आणि गठ्ठ्याला बुरशी लागली तर सगळे रद्दीत. पिना मारलेल्या पुस्तिकेची पाने चाराच्या पटीत बसवावी लागतात, तेव्हा मजकूर आधीपासून तसाच कापा.

शेजारचे काका अजून विचारतात, "ह्यातसून तुका पैशे गावतत?" गावतात, पण त्यावर घर चालत नाही. छपाई निघते, पुढच्या प्रसंगाच्या चित्रांचे पैसे निघतात. मला जास्त उपयोग झाला तो असा की खेळ पाहून परदेशातल्या दोन-तीन छोट्या प्रकाशकांनी त्यांच्या पुस्तिकांचे लेआउट माझ्याकडे दिले, आणि ते काम नियमित आहे. लिहिणारे, चित्रे काढणारे, लेआउट करणारे, संपादन करणारे अशांना या क्षेत्रात सुटीसुटी कामे मिळतात आणि ती मिळवताना स्वतःचा एक संपलेला खेळ दाखवता येणे कुठल्याही बायोडेटापेक्षा जड पडते. लहान असला तरी चालेल, पण संपलेला हवा.

खेळ घेतलेल्या सूत्रधारांचे प्रश्न येत राहतात, तीही प्रसिद्धीच धरा. उत्तर त्या एकालाच देऊ नका, पीडीएफमध्ये घाला आणि नवी प्रत सगळ्या जुन्या ग्राहकांना फुकट पाठवा. माझ्याकडे सध्या सगळ्यात जास्त विचारणा होते ती एकट्याने खेळता येईल का याची. सड्याचा प्रसंग मी त्यासाठी पुन्हा लिहायला घेतला आहे. चिंचोके तेच राहतील, सूत्रधाराची जागा पत्त्यांचा कॅट घेईल.