स्तनाच्या कर्करोगात गाठीचे माप कसे घ्यावे

स्तनाच्या कर्करोगात 20 मिलिमीटरपर्यंतची गाठ टी1 (टी म्हणजे मुख्यतः गाठीच्या आकारावरून ठरणारा गट) आणि त्याहून मोठी, पण 50 मिलिमीटरपर्यंतची गाठ टी2 गटात मोडते. त्यामुळे मोजपट्टी जराशी तिरकी धरली गेली तरी रुग्णाचा गट बदलू शकतो. म्हणूनच माप मिलिमीटरमध्येच लिहावे.

ऊती टिकवण्याच्या फॉर्मॅलिन या द्रावात त्या काहीशा आकसतात, म्हणून शक्य असेल तेव्हा पहिले माप शस्त्रक्रियेत काढलेला नमुना ताजा असतानाच घ्यावे. कडांना शाई लावून सुमारे 5 मिलिमीटर जाडीचे समांतर काप करावेत व ते क्रमाने मांडावेत. गाठ सर्वांत मोठी दिसते त्या कापावर दोन मापे मिळतात. तिसऱ्या मापाचा अंदाज गाठ किती कापांत दिसते ती संख्या आणि कापांची जाडी यांच्या गुणाकारातून येतो. हे तिसरे माप गाळणे मला फार धोक्याचे वाटते, कारण लांबट गाठ कापांना आडवी पसरलेली असेल, तर सर्वांत मोठा आकडा नेमका तोच असतो.

मात्र डोळ्यांना दिसणारा पांढरट, कडक भाग सगळाच कर्करोग नसतो. त्यात तंतुमय ऊती किंवा दुग्धनलिकेतच राहिलेला कर्करोगही असू शकतो. टी गट ठरवताना फक्त आक्रमक, म्हणजे नलिकेबाहेर आसपासच्या ऊतीत घुसलेला भाग मोजायचा असतो. तो एका स्लाइडवर मावत असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दोन्ही टोकांना काचेवर पेनाने ठिपके द्यावेत आणि त्यांमधील अंतर मोजावे. अगदी लहान भागासाठी नेत्रिकेतील मोजपट्टी वापरावी, पण ती प्रत्येक भिंगासाठी स्वतंत्रपणे प्रमाणित केलेली असावी. गाठ स्लाइडपेक्षा मोठी असेल, तर नुसत्या डोळ्यांनी घेतलेले माप कडेच्या ब्लॉकांवरून (मेणात बसवलेल्या ऊतीच्या तुकड्यांवरून) पडताळावे.

1 मिलिमीटरहून मोठा आणि 2 मिलिमीटरहून लहान आक्रमक भाग 2 असाच नोंदवावा, 1.3 चे 1 केले, तर गाठ चुकून सूक्ष्म आक्रमणाच्या (1 मिलिमीटरपर्यंतच्या) गटात जाते.

एकाहून अधिक गाठी असतील तर त्यांची बेरीज करू नये, सर्वांत मोठीचे माप धरावे. दोन गाठी अगदी जवळ असतील, तर मधल्या ऊतीचा ब्लॉक घेतल्याशिवाय त्या वेगळ्या आहेत असे मानू नये. आधीच्या सुई-बायोप्सीतील लांबीही शस्त्रक्रियेच्या नमुन्यातील मापात मिळवू नये; बायोप्सीत बराचसा भाग निघून गेला असेल, तर सोनोग्राफी किंवा एमआरआयमधील मापाशी ताडून पाहावे आणि तफावत अहवालात स्पष्ट लिहावी.